टपालाच्या दारावरचा पहारेकरी

शाळा, ट्रस्ट, दवाखाना किंवा छोटा कारखाना चालवणाऱ्या आपल्या अनेक घरांत आता स्वतःच्या नावाचा ई-मेल असतो. संस्था थोडी मोठी असली तर स्वतःचा मेल सर्व्हरही असतो. तो सांभाळण्याचे काम बहुतेकदा घरातल्याच एखाद्या संगणक शिकलेल्या मुलावर किंवा मुलीवर येऊन पडते. सकाळी मेल उघडावा तर लॉटरी, कर्ज आणि औषधांच्या जाहिरातींचा ढीग. त्या ढिगात शिष्यवृत्तीचे एखादे पत्र बुडाले, तर एका विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे.

या नकोशा टपालाला स्पॅम म्हणतात. मुळात हे अमेरिकेत १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद डुकराच्या मांसाचे नाव. १९७० साली एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात ते इतक्या वेळा उच्चारले गेले, की पुढे पुन्हा पुन्हा माथी मारल्या जाणाऱ्या मजकुराला तेच चिकटले. असा पहिला जाहिरात-मेल ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने सुमारे ४०० जणांना पाठवला होता. मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते १९८२ साली ठरले, तेव्हा जाळ्यावरची माणसे मोजकी आणि ओळखीची होती. पाठवणारा खरा की खोटा हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. त्याचेच फळ आपण भोगतो आहोत.

उपाय साधा आहे. ज्या सर्व्हरवर सगळ्यांच्या पेट्या आहेत तो आत ठेवायचा आणि त्याच्या पुढे दारावर दुसरा छोटा सर्व्हर बसवायचा. जुना संगणक, लिनक्स आणि पोस्टफिक्स हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. बाहेरचे टपाल आधी या पहारेकऱ्याकडे येईल अशी नोंद डोमेनमध्ये करायची. आतल्या सर्व्हरने पहारेकऱ्याशिवाय बाहेरच्या कुणाकडूनही टपाल घ्यायचे नाही. हे विसरले तर स्पॅमवाले मागच्या दाराने येतात.

पहारेकऱ्याला वाईट माणूस कळतो तो काळ्या यादीवरून. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ साली अशी यादी सुरू केली. आज स्पॅमहाउसची यादी सर्वात प्रसिद्ध आहे. समजा १९२.०.२.४५ या पत्त्यावरून कुणी दार ठोठावले. पहारेकरी तो पत्ता उलटा करून, ४५.२.०.१९२ असा, यादीच्या नावापुढे लावून विचारतो. उत्तरात १२७.०.०.२ सारखा आकडा आला तर पत्ता यादीत आहे. काहीच सापडले नाही तर नाही. यादीत असेल तर मेल आत घेण्याआधीच ५५० हा नकाराचा आकडा आणि कारण सांगून परत पाठवले जाते.

दारातच नाकारण्याचा मोठा फायदा असा, की चुकून एखादा भला माणूस अडला तर त्याचाच सर्व्हर त्याला ‘तुमचे पत्र पोहोचले नाही’ असे कळवतो. तो फोन करू शकतो. पत्र आत घेऊन गुपचूप फेकून दिले, तर ना पाठवणाऱ्याला कळते ना घेणाऱ्याला. दुसऱ्याचे पत्र ही आपल्याकडे अमानत असते. ती हरवली हे तरी त्याला कळले पाहिजे.

हे काम करणाऱ्या मुलामुलींनी चार गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, आत कोणाकोणाच्या पेट्या आहेत ते पहारेकऱ्याला माहीत असावे. नाहीतर तो आधी टपाल घेतो, मग ‘असा कोणी नाही’ म्हणून परत पाठवतो, आणि ते ज्याचे नाव चोरले त्या निरपराध माणसाच्या माथी पडते.

दुसरी, घरगुती इंटरनेटचे बरेच पत्ते या यादीत मुद्दाम असतात. म्हणून घरून मेल पाठवणाऱ्या आपल्या शिक्षकांना पासवर्ड विचारून आधीच सूट द्यावी, यादी नंतर पाहावी.

तिसरी, स्पॅमहाउसला स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवरून विचारावे. सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारले तर १२७.२५५ ने सुरू होणारा चुकीचा इशारा येऊ शकतो. कुठलेही उत्तर म्हणजे नकार असे धरले, तर सगळे टपाल अडते.

चौथी, यादी जिवंत आहे ना ते बघत राहावे. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तरी लोक तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक पत्त्याला ‘हा यादीत आहे’ असे उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ज्यांनी तिचे नाव काढले नव्हते त्यांचे सगळे टपाल थांबले.

सुरुवातीचे पंधरा दिवस नकार न देता फक्त नोंद ठेवण्याची सोय पोस्टफिक्समध्ये आहे. ती नोंद रोज वाचावी. ओळखीची बँक, शिक्षण कार्यालय किंवा पालक त्यात दिसले तर त्यांना पांढऱ्या यादीत घालावे, आणि मगच दार बंद करावे. ‘पोस्टमास्टर’ नावाची पेटी मात्र सर्वांसाठी उघडी ठेवावी, म्हणजे अडलेल्याला दाद मागता येईल.