धंदा एका खात्यात, झोप दुसऱ्या खात्यात



मध्य मुंबईतल्या एका स्टेशनाबाहेर कोथिंबीर, लिंबू, मिरची विकणारी एक मावशी आमच्या ओळखीची आहे. दिवसा ज्या फुटपाथवर तिचा धंदा, त्याच फुटपाथवर रात्री, बंद दुकानाच्या पायरीशी, ती आणि तिचा तेरा वर्षांचा नातू झोपतात. मध्यंतरी कर्जाचा अर्ज भरायला मी तिच्याबरोबर गेले होते. फॉर्मवर दोन रकाने होते, धंद्याचा पत्ता आणि राहण्याचा पत्ता. मावशीने दोन्हीकडे एकच जागा सांगितली. टेबलापलीकडच्या बाईंनी पेन खाली ठेवले आणि "असं चालत नाही" म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. फॉर्मच तसा होता.

तो फॉर्म तसा का आहे, हे या अंकात विचारायला हवे. नगरपालिकेच्या जमाखर्चात छोट्या धंद्यांना दिलासा ही एक बाब असते आणि बेघरांसाठी निवारा ही दुसरी. दोन अधिकारी, दोन फायली. मावशी मात्र एकच आहे.

आधी दिलाशाचे बघू. २०२० च्या टाळेबंदीत शहराचा धंदा बसला. बांधकामाला चालना द्यायची म्हणून जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिल्डरांच्या प्रीमियममध्ये ५० टक्के सूट मंजूर केली. भाजीवालीसाठी केंद्राची 'पीएम स्वनिधी' योजना आली, पहिल्या हप्त्याला दहा हजार रुपये, परतफेडीच्या बोलीवर. म्हणजे एकाला सूट आणि एकीला कर्ज. कर्ज नकोच असे मी म्हणत नाही. सावकाराच्या रोजच्या व्याजापेक्षा ते शंभरपट बरे, आणि आपल्या अनेक मैत्रिणींनी ते घेऊन वेळेवर फेडले आहे. पण दोन्हींना 'दिलासा' हाच शब्द वापरला गेला, हे लक्षात ठेवू या.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. १९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईत मोठा समारंभ करून एक लाखाहून अधिक पथविक्रेत्यांना हे कर्ज वाटले गेले. शिफारसपत्रांसाठी महापालिकेने शिबिरे घेतली, कर्मचारी कामाला लावले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये याच शहरात नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली, तेव्हा मतदार किती होते? सुमारे ३२ हजार. २०१४ च्या पाहणीत नोंद झालेले फेरीवालेच ९९ हजारांच्या घरात होते. अधिवासासारख्या अटींनी बाकीचे गळले. कर्ज द्यायचे तेव्हा तुम्ही फेरीवाले, बसायला जागा मागितली की अनधिकृत! दहा हजारांचा माल भरावा, 'गाडी आली' अशी हाक उठावी आणि माल गाडीत जावा. हप्ता मात्र चालूच. २०१४ च्या कायद्याने या समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. यादीतच नाव नसेल तर उभी कोण राहणार?

निवाऱ्याची गोष्ट याहून थोडक्यात संपते, कारण तिथे सांगण्यासारखे फारसे घडलेलेच नाही. २०१० मध्ये अन्न-अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक बारमाही निवारा हवा असे बजावले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. तेवढे कधीच उभे राहिले नाहीत. जे आहेत तिथे मावशीने जावे तर नातवाचे काय? बायकांच्या निवाऱ्यात वाढत्या वयाच्या मुलग्याला सहसा घेत नाहीत. टोपली, वजनकाटा, उरलेला माल कुठे ठेवायचा? पहाटे चारला बाजार गाठायचा तर दार उघडणार कोण? हे प्रश्न निवाऱ्याच्या फाईलमध्ये नाहीत, कारण तिथे ती 'बेघर' आहे, धंदेवाली नाही.

खरे तर हे दोन धागे एकत्र पाहिले गेले होते. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की माणसे फुटपाथवर राहतात ती काम जवळ असते म्हणून, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. (झोपड्या हलवायला परवानगीही त्याच निकालाने दिली, हे विसरता येत नाही.) त्याच वर्षी 'स्पार्क'ने फुटपाथवासीयांची गणना केली आणि पुढच्या वर्षी भायखळ्याच्या बायांमधून महिला मिलन उभे राहिले. पुढे आपणही वाटण्या केल्याच की. फेरीवाल्या बायांचे काम युनियनकडे, बेघर बायांचे आमच्यासारख्या संस्थांकडे. माझ्या स्वतःच्या अहवालांतही मावशी दोनदा मोजली गेली आहे, एकदा 'लाभार्थी' आणि एकदा 'गरजू' म्हणून.

मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचे होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा भांडवली कामांचा. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते, प्रशासकच मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. निम्म्या जागा स्त्रियांच्या. प्रश्न विचारायला आता कुणीतरी समोर आहे.

तेव्हा मागणी एकत्र करू या. बाजाराच्या चालत्या अंतरावर कुटुंबासह राहता येईल असा निवारा, त्यात माल ठेवायला कुलपाची खोली, रात्रीही उघडे मोफत मुतारी-संडास, आणि निवाऱ्याचा पत्ता धंद्याच्या नोंदणीला व कर्जाला ग्राह्य धरण्याचा लेखी आदेश. शेवटच्या मागणीला तर पैसाही लागत नाही.

अंदाजपत्रक एरवी फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडले जाते, म्हणजे प्रभागात जायचे ते दिवाळीनंतर लगेच. युनियनच्या बायांशी आमचे बोलणे सुरू झाले आहे. मावशीही येते म्हणाली, फक्त सकाळी अकराच्या आत नको. तेव्हा गिऱ्हाईक असते.