दगड पाण्यानं वितळतो!

बालमित्रांनो,

परवा वर्गात विचारलं, "दगड वितळायला काय लागेल?" सगळे ओरडले, "आग!" मी म्हटलं, "आणि पाणी?" सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात ना? मग ऐका.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर सुमारे ७००० किलोमीटर लांब अँडीज पर्वत आहे. तिथे समुद्राचा तळ वर्षाला सहा-सात सेंटिमीटर खंडाखाली सरकतो आणि मुरलेलं पाणी सोबत नेतो. साधारण १०० किलोमीटर खोलीवर हे पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरतं. आइस्क्रीमच्या पॉटात मीठ टाकलं की बर्फ लवकर वितळतो ना? तसाच पाणी मिळालेला खडक कमी तापमानाला वितळतो. हा झाला शिलारस.

वर येताना तो वाटेत थांबतो, निवतो. लोह-मॅग्नेशियमचे स्फटिक आधी तयार होऊन वेगळे होतात. त्यांच्यात सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य पदार्थ, कमी असते. म्हणून उरलेल्या रसात ती वाढते. कशी? वर्गात २० मुलगे, २० मुली आहेत. १० मुलगे कबड्डीला गेले. नवी मुलगी एकही आली नाही, तरी मुलींचं प्रमाण वाढलंच की! शिवाय वाटेतले खडकही वितळून रसात मिसळतात. ५० टक्क्यांची सिलिका ६० टक्क्यांवर जाते. अशा रसापासून झालेल्या खडकाचं नावच अँडेसाइट, अँडीजवरून पडलेलं!

सिलिका वाढली की रस चिकट होतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण कमी सिलिकेचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो घावनाच्या पिठासारखा पसरला. चिकट रसात मात्र वाफ कोंडते आणि स्फोट होतो.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवाडो देल रुईझचा असाच स्फोट झाला. तसा लहानच. पण शिखरावरचं बर्फ वितळलं आणि चिखलाचा लोंढा सुमारे अडीच तासांत आर्मेरो गावावर आला. एकूण सुमारे २३ हजार माणसं गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. गाव मात्र वेळेत रिकामं झालं नाही.

अडीच तास! तेवढ्यात उंचावर चढून जाता आलं असतं. म्हणून मुलांनो, दगडाचा स्वभाव ओळखायचा आणि ओळखलेलं वेळेवर सगळ्यांना सांगायचं. विज्ञान शिकायचं ते त्यासाठीच.

तुमच्या,
बाई