अलार्म बसवणाऱ्याची नोंद कुठे पाहायची?

घरात चोरघंटा किंवा सीसीटीव्ही बसवायला आलेला माणूस दोन तासांत घराविषयी जे जाणून जातो, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतं. कुठल्या खिडकीला सेन्सर नाही, डीव्हीआर कुठल्या कपाटात आहे, त्याचा पासवर्ड काय; अनेकदा तो पासवर्ड त्यानेच टाकलेला असतो आणि मालकाने पुढे कधी बदललेला नसतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात केवळ अलार्म कंपनीकडे परवाना असून भागत नाही. घरी येऊन यंत्रणा विकणाऱ्या, बसवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या एजंटाला राज्याच्या विभागाकडे स्वतःच्या नावाने नोंदणी करावी लागते आणि बोटांचे ठसे देऊन राज्याच्या न्याय खात्याची व एफबीआयची पडताळणी पार करावी लागते. मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची सोय: ही नोंद सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नोंदणी चालू आहे, मुदत संपली आहे की रद्द झाली आहे, हे दार उघडण्याआधीच कळतं. गळ्यातलं ओळखपत्र काय, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातही बनतं.

आपल्याकडे खासगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात सुरक्षारक्षकाच्या चारित्र्य पडताळणीची आणि प्रशिक्षणाची अट आहे, पण तो लिहिला गेला पहारेकऱ्याला समोर ठेवून. २०२४ मध्ये केंद्राने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षा चाचणीचे निकष अधिसूचित केले, तेही योग्यच झालं. म्हणजे फाटकावरचा रखवालदार तपासायचा, कॅमेराही तपासायचा आणि तो कॅमेरा थेट बेडरूमच्या दारावर लावून स्वतःच्या मोबाइलवर ‘सेटिंग’ करून बघणाऱ्याला मात्र कुणी काही विचारायचं नाही. महाराष्ट्रात विजेच्या कामाला वायरमनचा परवाना लागतो, कारण चुकीच्या जोडणीने जीव जातो. इथला धोका शॉकचा नाही, पण घरातल्यांच्या सुरक्षिततेचाच आहे.

म्हणून अशी खुली नोंदणी आपल्याकडेही हवी. या मागणीवर सर्वांत वजनदार आक्षेप टेक्सासमधून येतो. तिथेही परवाना सक्तीचा आहे, तरी एका मोठ्या कंपनीचा तंत्रज्ञ ग्राहकांच्या खात्यांत स्वतःचा ईमेल जोडून साडेचार वर्षं त्यांचे कॅमेरे पाहत राहिला. सुमारे २०० खात्यांत तो ९,६०० हून अधिक वेळा शिरला आणि २०२१ मध्ये त्याला ५२ महिन्यांची शिक्षा झाली. परवान्याने त्याला रोखलं नाही, हे मान्यच करायला हवं. पहिला गुन्हा कुठलीही नोंदवही थांबवू शकत नाही. मात्र कंपनीने काढलेला माणूस पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचा शर्ट घालून दुसऱ्या घरी जाऊ नये, एवढं ती करू शकते. आपल्याकडे आज त्याला अडवणारं काहीच नाही. दुसरी भीती चिरीमिरीची, आणि ती खोटी नाही. आयटीआय करून धंद्यात उतरलेल्या मुलाला कार्यालयाच्या खेपा घालायला लावल्या, तर तो नोंदणीच टाळेल. तेव्हा अर्ज ऑनलाइन, शुल्क नाममात्र आणि पोलिसांच्या पडताळणीला ठरलेली मुदत हवी. प्रामाणिक कारागिराचा यात फायदाच आहे, कारण त्याचा चांगुलपणा आज ग्राहकाला कुठेच दिसत नाही. उरला त्याच्या खासगीपणाचा प्रश्न. त्याच्या घरचा पत्ता आणि फोन नंबर जगाला दाखवण्याचं कारण नाही. नाव, फोटो, नोंदणी क्रमांक, मुदत आणि झालेली कारवाई एवढंच खुलं ठेवावं.