पाणी शुद्ध होईल, पण टाकीत कोण उतरणार?

शहरांच्या सांडपाण्याचा विषय निघाला की हल्ली नव्या तंत्रज्ञानाचे गोडवे गायले जातात. त्यात मेम्ब्रेन बायोरिॲक्टर हे नाव आघाडीवर आहे. हे तंत्र चांगले आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. आमचे भांडण यंत्राशी नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजूच घेतली होती. दोष यंत्रात नसून चुकीच्या समाजरचनेत आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. त्याच कसोटीवर आम्ही हे तंत्र तपासू इच्छितो.

जुन्या पद्धतीत जिवाणू मैल्यातील घाण खातात, मग मोठ्या टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी काढून घेतात. नव्या पद्धतीत गाळ बसण्याची वाट पाहत नाहीत. मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास छिद्रे असलेल्या पडद्यातून पाणी ओढून घेतात. गाळ आणि बहुतेक जिवाणू अलीकडेच अडकतात. हे पाणी बागेला, शौचालयाला, कारखान्याला वापरता येते. जागाही कमी लागते. स्वीडनमधील स्टॉकहोमच्या हेनरिक्सडाल केंद्रात, खडकाच्या पोटातील जुन्याच टाक्यांची क्षमता वाढवण्यासाठी हे तंत्र बसवले जात आहे.

आपल्या देशाला याची गरज नाही असे कोण म्हणेल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचे नदीत, खाडीत आणि नाल्यात जाते. नाल्याच्या काठी कोणाच्या वस्त्या आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

पण या तंत्राचा जो गुण, तिथेच धोका आहे. जागा कमी लागते म्हणून गृहसंकुलांची अशी यंत्रणा तळघरात जाते. पडद्यावर चिकट थर बसतो, केस आणि चिंध्या गुंडाळल्या जातात. तो थर ब्लीच आणि आम्लाने धुवावा लागतो. जाळीत अडकलेला कचरा काढावा लागतो. टाकीतला गाळ नेहमीपेक्षा दाट असतो. हवेचा पुरवठा बंद पडला की त्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो आणि साचलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासही कळेनासा होतो, आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, आणि तो अमलात आला ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी! त्याचे कलम ७ गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई करते. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात तीस लाख रुपये भरपाई ठरवून दिली.

तळघरातील टाकी म्हणजे ‘सेप्टिक टँक’ नव्हे, असा बचाव उद्या घेतला जाईल. आमचे उत्तर सरळ आहे. कायद्याच्या व्याख्येत मैला साठवून जिवाणूंकरवी कुजवणारी, साधारणपणे जमिनीखाली असणारी बंद टाकी अभिप्रेत आहे. इंग्रजी नाव बदलले म्हणून टाकीचे काम बदलत नाही. माणसाचा जीव वाचवण्यासाठी केलेला कायदा शब्दात अडकवून मारता येणार नाही.

आता टाकीत उतरणारा कोण, ते पाहा. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत सुमारे ३८ हजार गटार व सेप्टिक टँक कामगारांची नोंद झाली. त्यात जवळपास ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे प्रमाण ६९ टक्क्यांच्या घरात. यंत्र परदेशी, ठेका खासगी, आणि मरण मात्र जातीचे! याला योगायोग म्हणायचे काय?

मुंबईत २०२३ च्या जानेवारीत सात मोठ्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले. त्यांची एकत्रित क्षमता दररोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर आहे. तंत्र कोणतेही असो, अशा प्रत्येक केंद्राला आणि प्रत्येक गृहसंकुलाला काही अटी घालाव्यात अशी आमची मागणी आहे. माणूस आत न उतरता पडदे यारीने वर काढून धुता येतील, असाच आराखडा मंजूर करावा. वायुमापक आणि हवा खेळवण्याची सोय नसेल तर भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. मृत्यू झाला तर ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करून फाईल बंद न करता ठेकेदाराबरोबर मूळ मालकावरही २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवावा. आणि या केंद्रांत चालक, तंत्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ म्हणून सफाई कामगारांच्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन कायम नोकरी द्यावी.

ही शेवटची मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी या शहरांची घाण उपसली, त्यांची मुले टाकीच्या तळाशी नव्हे तर यंत्राच्या कळफलकापुढे दिसली पाहिजेत. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क बजावला. आज त्याच पाण्यापायी आपली माणसे मरत असतील, तर तो लढा अजून संपलेला नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील संकुलांची आणि केंद्रांची माहिती माहिती अधिकारात मागवावी आणि कलम ७ हाती घेऊन कामाला लागावे.