दोष प्रशिक्षकांचा नव्हे



मुंबईच्या महिंद्रा युनायटेड या फुटबॉल संघाच्या अस्ताचे खापर प्रशिक्षकांच्या माथी फोडणारे गतांकातील पत्र वाचले. परंतु २००३ व २००५ साली फेडरेशन चषक आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या या संघाचा कारभार २०१० साली गुंडाळला गेला, तो शालेय फुटबॉलकडे वळण्याच्या मालक कंपनीच्या निर्णयाने, ही गोष्ट त्यात अनुल्लेखितच राहिली. सामन्यांसाठी कूपरेज मैदानावर निष्ठेने जाणाऱ्या आम्हां परळ-लालबागकरांचे मत त्या निर्णयात कोणी विचारले नाही. कारण संघ ही कंपनीची मिळकत आणि आम्ही केवळ प्रेक्षक. ज्या संघाचे अस्तित्व मालकाच्या मर्जीवर अवलंबून, त्याच्या अखेरीचा जाब प्रशिक्षकास विचारणे न्यायाचे नव्हे.

आपला नम्र,
एक वाचक, परळ