पक्षाविना महापौर

धनिक माणूस राजकारणात शिरतो तो मिळवलेले राखण्यासाठी किंवा आणखी मिळवण्यासाठी, असे सर्वसामान्य नागरिक गृहीत धरून चालतो. अनुभवही बहुधा तसाच येतो. म्हणूनच हे गृहीतक खोटे ठरवणाऱ्या माणसाची दखल घेणे अगत्याचे आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहराचे महापौर सॅम्युएल जोन्स हे असे एक नाव.

जोन्स यांचा जन्म १८४६ साली वेल्समधील गरीब कुटुंबात झाला. ते तीन वर्षांचे असताना आई-वडील पोटासाठी अमेरिकेत आले. शाळेचे तोंड त्यांनी जेमतेम अडीच वर्षे पाहिले. ऐन तारुण्यात ते पेनसिल्व्हानियाच्या तेलक्षेत्रात मजुरीला लागले. पुढे ओहायोत तेलाच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला. तेलविहिरीतील पंपाच्या दांड्याची सुधारित रचना त्यांनी शोधली, तिचे पेटंट घेतले आणि १८९४ मध्ये टोलेडोत कारखाना काढला.

१८९३च्या मंदीने त्या वेळी कामगारांचे कंबरडे मोडले होते. इतर कारखान्यांच्या भिंतींवर मनाई आणि दंड यांची लांबलचक नियमावली झळकत असे. जोन्स यांनी भिंतीवर एकच नियम लावला : इतरांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण इतरांशी वागावे. आपल्या परंपरेत यालाच आत्मौपम्यबुद्धी म्हणतात. सुविचार म्हणून असे वाक्य लावणे सोपे असते. जोन्स यांनी ते हिशेबाच्या वहीत उतरवले. आठ तासांचा दिवस, भरपगारी रजा, नफ्यात वाटा आणि कारखान्याशेजारी कामगारांच्या मुलाबाळांसाठी उद्यान, असा त्या नियमाचा व्यवहारातील अर्थ होता.

१८९७ मध्ये रिपब्लिकन पक्षातील गटबाजीला उतारा म्हणून तडजोडीचे उमेदवार या नात्याने ते थोडक्या मतांनी महापौर झाले. हा निरुपद्रवी गृहस्थ आपल्या मुठीत राहील, हा पक्षधुरिणांचा होरा मात्र चुकला. पालिकेच्या कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला. पोलिसांच्या हातातील सोटे जाऊन हलक्या छड्या आल्या. पोलीस दलातील नेमणुका वशिल्याऐवजी गुणवत्तेवर होऊ लागल्या. बालवाड्या, क्रीडांगणे आणि उद्याने यांवर भर दिला गेला. ट्राम कंपनीला मक्ता वाढवून देण्यास त्यांनी विरोध केला; रस्ते नागरिकांचे असतील, तर त्यांवरचा नफाही नागरिकांचाच, ही त्यांची धारणा होती.

परिणाम अपेक्षित होता. १८९९ मध्ये पक्षाने उमेदवारी नाकारली. जोन्स अपक्ष उभे राहिले आणि सुमारे ७० टक्के मते घेऊन निवडून आले. वृत्तपत्रे व पक्षयंत्रणा विरोधात असतानाही १९०१ आणि १९०३ मध्ये मतदारांनी त्यांनाच कौल दिला. १९०४ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यावरील एक आक्षेप मात्र विचारात घ्यावा लागेल. पोलीस न्यायाधीशाच्या गैरहजेरीत महापौराला न्यायासनावर बसण्याचा अधिकार होता. जोन्स तेथे बसले की भटके, दारुडे आणि पतित स्त्रिया यांना सोडून देत. ज्या गुन्ह्याला श्रीमंताला शिक्षा होत नाही, त्यासाठी गरिबाने तुरुंगात का जावे, हा त्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा होता. परंतु एका सज्जनाच्या मर्जीवर टांगलेला न्याय दुर्जनाच्या हाती पडला तर काय, हा प्रश्नही तितकाच खरा. राज्याच्या विधिमंडळाने महापौराचा तो अधिकारच काढून घेतला आणि ती दया एका कायद्यासरशी संपली.

येथेच या चरित्राचा खरा बोध आहे. जोन्स यांची जी कामे केवळ त्यांच्या अंतःकरणावर उभी होती, ती सहज पुसली गेली; ज्या कामांना माणसे आणि व्यवस्था लाभली, ती टिकली. त्यांचे सहकारी ब्रँड व्हिटलॉक १९०६ पासून महापौर झाले व त्यांनी हाच मार्ग पुढे नेला. १९१२ मध्ये ओहायोच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन शहरांना स्वतःचा कारभार ठरवण्याचा अधिकार मिळाला.

चारित्र्यवान माणूस सत्तेवर येणे ही समाजाची अर्धीच जीत होय. त्याचे चारित्र्य संस्थेच्या नियमांत उतरेल, तेव्हाच ती पूर्ण होते.