मधला शनिवार

गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाची आठवण करायची आणि रविवारी ईस्टरला त्याच्या पुनरुत्थानाचा आनंद साजरा करायचा, हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक असतं. मधल्या शनिवारकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कॅथॉलिक चर्चमध्ये त्या दिवशी दिवसभर मिस्सा नसते. वेदीवर कापड नसतं, फुलं नसतात. रात्री नवा अग्नी पेटवून त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तोवर नुसती वाट पाहायची.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींचा हा शनिवार वर्षानुवर्षं संपत नाही. नवऱ्याचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज, माहेरी परत आलेली लेक. वाईट घडून गेलेलं असतं आणि चांगलं काही दिसत नसतं. भेटायला येणारे ‘होईल गं सगळं ठीक’ म्हणतात, चहा पितात आणि जातात. आपण कपबशा विसळत उभ्या.

त्या पहिल्या शनिवारी तरी वेगळं काय होतं? मरीया मग्दालिया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघींनी आपल्या गुरूचं मरण डोळ्यांनी पाहिलं होतं. मार्कचं शुभवर्तमान सांगतं, की शब्बाथ संपल्यावर त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली आणि रविवारी भल्या पहाटे त्या कबरेकडे निघाल्या. चमत्कार बघायला नव्हे. मृतदेहाला सुगंधी द्रव्यं लावायची राहिली होती, म्हणून. कबरेच्या तोंडावरची भली मोठी धोंड कोण लोटणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. वाटेत त्या एकमेकींना तेच विचारत होत्या. पण उत्तर मिळेपर्यंत घरी बसून राहिल्या नाहीत. पोचल्या, तर धोंड बाजूला झालेली होती.

ख्रिस्ती आशा म्हणतात ती अशी आहे. ती दुःखाला खोटं म्हणत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत.

आपल्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. १८८२मध्ये पती गेले, तेव्हा पदरात तान्ही मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणून दुःख थांबलं का? नाही. पण १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे निराधार मुली-बायकांना त्यांनी आपल्याकडे आणलं. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दौंडजवळ केडगावला उभं राहिलेलं ‘मुक्ती’ आजही निराधारांचं घर आहे.

१९२१मध्ये मनोरमाही गेली, संस्थेचा भार वाहणारी एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, तेव्हा त्या वर्षीचा ईस्टर अकरा दिवसांवर होता. भाषांतर पुस्तकरूपात आलं ते १९२४मध्ये, त्यांच्या पश्चात.

धोंड लोटणं आपल्या हातात नसेल, पण आजचं एक काम असतं. मुलाचा डबा, आजाऱ्याची औषधं, अर्धं राहिलेलं शिवण. तेवढं करायचं, आणि शक्यतो एकटीने नाही. कबरेकडेसुद्धा त्या तिघी मिळून गेल्या होत्या. जीव नकोसा वाटत असेल, तर जवळच्या कुणाला, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे. आणि शेजारणीचा शनिवार चालू असेल, तर ‘होईल ठीक’ म्हणून उठू नका. तिच्याबरोबर चार पावलं चाला.